चित्र आणि चित्रओळ : युद्धातील भग्नवास्तूंच्या छायाचित्रांची पाठचिकित्सा

१

हस्तलिखिताच्या शेवटी असलेली पुष्पिका डोळे मिटून स्वीकारू नये, हे आपण संशोधनाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी सांगतो. लेखनिक कोण, त्याने कोणती प्रत समोर ठेवली होती, शकाचा आकडा मूळ रचनेचा की नकलेचा, हे प्रश्न विचारल्यावाचून आपण पुढे जात नाही. परंतु ज्या ग्रंथाची पुष्पिका आपण इतक्या काटेकोरपणे तपासतो, त्याच ग्रंथाच्या आरंभी एखाद्या भग्न वास्तूचे छायाचित्र घालावयाचे असले, म्हणजे त्याखालची ओळ आपण जशीच्या तशी उतरवून घेतो. छायाचित्र यंत्राने घेतलेले असते, आणि यंत्र पक्षपात करीत नाही, अशी काहीशी आपली समजूत असते. चित्र यंत्राने घेतले असले, तरी त्याखालची ओळ माणसाने लिहिलेली असते, ही साधी गोष्ट आपण विसरतो.

प्रस्तुत लेखास निमित्ते दोन घडली. लेखक सध्या बंगळूर येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून काम करीत आहे. युद्धविषयक मराठी मौखिक रचनांवर प्रबंध लिहिणारी बेळगावकडील एक विद्यार्थिनी घरच्या ट्रंकेत सापडलेले एक चित्रपत्र घेऊन आली. त्यावर मधोमध एक प्रचंड कमान, तिच्या एका अंगास उंच भिंत आणि दुसऱ्या अंगास केवळ मातीविटांचा ढीग, असे दृश्य होते. मागील बाजूस मोडी अक्षरांत दोन ओळी होत्या. बगदादनजीक १९१५ च्या लढाईत तोफांनी पडलेला हा राजवाडा होय, असा त्यांचा आशय. पणजोबा मराठा पलटणीत होते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या विध्वंसाचा हा पुरावा आहे, असे धरून तिने प्रबंधाचे एक प्रकरण रचले होते.

दुसरे निमित्त अधिक अवघडून टाकणारे आहे. काही वर्षांपूर्वी एका निबंधात प्रस्तुत लेखकाने विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'ची तुलना लखनौच्या सिकंदरबागेच्या प्रसिद्ध छायाचित्राशी केली होती. भटजींचे लेखन हे स्मृतीतून आलेले, तर छायाचित्र हे घटनेच्या क्षणीचे, अशी त्या तुलनेची मांडणी होती. विद्यार्थिनीचे चित्रपत्र तपासता तपासता आपलीही चित्रओळ तपासावी असे वाटले, आणि ती मांडणी टिकत नाही हे ध्यानात आले. तेव्हा पुढील विवेचन हे काही अंशी चूकदुरुस्तीही आहे.

२

छायाचित्राखाली किंवा मागे येणाऱ्या परिचयात्मक मजकुरास येथे 'चित्रओळ' म्हटले आहे. ही ओळ एकसंध नसते. एकाच चित्रास निदान चार हातांनी मजकूर लाभलेला असतो. पहिला हात छायाचित्रकाराचा. तो कधी काचेवरच क्रमांक वा नाव कोरतो. दुसरा हात विक्रेत्याचा किंवा प्रकाशकाचा. गिऱ्हाइकाला ओळखीचे वाटेल असे नाव त्याला हवे असते. तिसरा हात संग्राहकाचा. हा बहुधा सैनिक, अधिकारी किंवा त्याचा वारस असतो आणि पुष्कळदा वर्षांनंतर आठवणीने लिहितो. चौथा हात ग्रंथालयातील सूचिकाराचा, जो समोर असलेले वाचून नोंद करतो. या चौघांनंतर आपण येतो, आणि चारही थर एकच समजून उतरवून घेतो.

ज्यांनी पाठचिकित्सेचे काम केले आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने एक धडा घालून दिला आहे. प्रतींची संख्या मोजावयाची नसते, त्यांचे कुल पाहावयाचे असते. एकाच मूळ चुकीवरून उतरलेल्या पन्नास प्रती म्हणजे पन्नास साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष पन्नास वेळा दिलेली असते. चित्रओळींचेही असेच आहे. एखादे चित्र वीस पुस्तकांत एकाच नावाने छापलेले आढळले, म्हणजे ते नाव सिद्ध झाले असे होत नाही. त्या वीसांपैकी एकोणिसांनी विसाव्याकडून उचललेले असण्याचाच संभव अधिक.

दुसरा एक नियम मराठी संतवाङ्मयाच्या अभ्यासकास मुद्दाम सांगावयास नको. अनामिक किंवा अल्पख्यात रचना प्रख्यात नावाकडे ओढली जाते. विष्णुदास नाम्याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या, त्या याच ओढीने. भग्नवास्तूंची छायाचित्रेही अशीच प्रसिद्ध रणक्षेत्राकडे सरकतात. मेसोपोटेमियातील कोणतीही पडकी भिंत 'कुट' होते, अयोध्या प्रांतातील कोणताही भोके पडलेला वाडा 'लखनौची रेसिडेन्सी' होतो. यावरून असा व्यवहारनियम काढता येतो की, दोन चित्रओळींत विरोध असेल तर कमी प्रसिद्ध स्थळाचे नाव देणारी ओळ आधी तपासावी. कोणी मुद्दाम अप्रसिद्ध नाव कशास लिहील? कठीण पाठ श्रेयस्कर, या जुन्या सूत्राचेच हे रूप आहे. अर्थात सूत्र म्हणजे निर्णय नव्हे. तपासणीचा क्रम ठरविण्यापुरताच त्याचा उपयोग.

व्यक्तिचित्रांच्या क्षेत्रात ही चिकित्सा मराठीत पूर्वीच झालेली आहे. शिवछत्रपतींचे म्हणून दीर्घकाळ छापले जाणारे एक चित्र वस्तुतः इब्राहीमखान नावाच्या सरदाराचे आहे, हे वा. सी. बेंद्रे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले आणि त्या जागी डच साधनांतून मिळालेले चित्र पुढे आणले. त्या शोधाचे महत्त्व आपण मानतो. वास्तुचित्रांच्या बाबतीत तसा आग्रह मात्र आपल्याकडे रुजला नाही.

३

आता त्या चित्रपत्राकडे वळू. त्यावरील वास्तू ओळखण्यास फार सायास पडले नाहीत. बगदादच्या आग्नेयेस सुमारे ३५ किलोमीटरांवर, तैग्रिस नदीच्या काठी, ससानी राजांच्या टेसिफोन या राजधानीचा जो अवशेष उरला आहे, त्यातील ही 'ताक-ए-किस्रा' नावाची कमान. सुमारे ३७ मीटर उंच आणि २५ मीटरांहून अधिक रुंद असा तो विटांचा घुमटाकार पडवीवजा सभामंडप आहे. पहिल्या महायुद्धात २२ ते २५ नोव्हेंबर १९१५ या काळात या कमानीच्या आसमंतात तुर्की सैन्य व ब्रिटिश हिंदी सैन्य यांच्यात मोठी लढाई झाली. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्या सैन्यास माघार घ्यावी लागली, पुढे ७ डिसेंबरपासून कुट येथे वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. तेव्हा चित्रओळीतील स्थळ आणि लढाई या दोन्ही गोष्टी काल्पनिक नाहीत. चूक आहे ती त्या दोहोंना जोडणाऱ्या कार्यकारणात.

या वास्तूची उत्तरेकडील बाजू तोफांनी पडलेली नाही. ती १८८८ साली तैग्रिसच्या पुराने कोसळली. फ्रेंच प्रवासी मार्सेल आणि जेन द्यूलाफ्वा हे १८८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत या प्रदेशात गेले होते. त्यांच्या प्रकाशित चित्रांत कमानीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती उभ्या दिसतात. विद्यार्थिनीच्या चित्रपत्रात एकच भिंत आहे. म्हणजे मूळ छायाचित्र १८८८ नंतरचे, इतके निश्चित झाले. पण त्या वर्षानंतर लढाईपर्यंत सत्तावीस वर्षे गेली होती, आणि या काळात कमान नेमकी अशीच दिसत होती. पणजोबांच्या पलटणीने तिला पाहिले तेव्हा ती आधीच अर्धी झालेली होती.

येथे आणखी दोन बारकावे उपयोगी पडले. एक म्हणजे दिशेचा. कमानीचे तोंड पूर्वेकडे आहे. समोर उभे राहणाऱ्याच्या डाव्या हातास दक्षिण येते, आणि शिल्लक राहिलेली भिंत दक्षिणेकडील आहे. म्हणून समोरून घेतलेल्या सुलट चित्रात भिंत डावीकडेच दिसली पाहिजे. ती उजवीकडे दिसत असेल, तर काच उलटी ठेवून छापले गेले असावे किंवा चित्र मागील बाजूने घेतलेले असावे. भिंतीवरील आंधळ्या कमानींच्या ओळी दिसतात की नाही यावरून या दोन शक्यता वेगळ्या करता येतात. एका चित्रात भिंत डावीकडे व दुसऱ्यात उजवीकडे पाहून या दोन निरनिराळ्या वास्तू होत असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे.

दुसरा बारकावा कार्डाचा. ज्या चित्रपत्राच्या मागे मधोमध रेघ असून एका बाजूस मजकूर व दुसऱ्या बाजूस पत्ता लिहिण्याची सोय असते, ते पत्र ब्रिटनमध्ये १९०२ पासून रूढ झाले. विद्यार्थिनीचे पत्र तसे होते. शिवाय नोव्हेंबर १९१५ मध्ये चार दिवसांच्या लढाईनंतर माघार घेणाऱ्या सैनिकास छापील चित्रपत्र विकत घेण्यास सवड असणार नाही. मार्च १९१७ मध्ये बगदाद इंग्रजांच्या हाती आल्यावर तेथील बाजारात विकत घेतलेले हे पत्र असावे, हा तर्क अधिक सयुक्तिक. म्हणजे पणजोबा ती लढाई लढलेच असतील असे या पत्रावरून म्हणता येत नाही. नंतर गेलेल्या तुकडीत ते असू शकतील. पलटणीच्या कागदपत्रांवरून ते स्वतंत्रपणे पाहावे लागेल.

हे ऐकल्यावर ती विद्यार्थिनी काही वेळ गप्प राहिली. घरात तीन पिढ्या जपलेली वस्तू अशी हातातून निसटावी, हे सोपे नसते. परंतु त्यानंतर तिनेच जो प्रश्न विचारला तो या लेखातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे : मग आजोबांनी तसे का लिहिले? येथे चित्रओळ इतिहासाचे साधन म्हणून संपते आणि वाङ्मयाचे साधन म्हणून सुरू होते. लढाईच्या मैदानावर एक अर्धवट पडलेला राजवाडा उभा आहे. तो कशाने पडला, हे त्या शिपायास कोणी सांगितलेले नाही. त्याच्या अनुभवात वाडे तोफांनी पडतात. त्याने आपल्या अनुभवाचे कारण त्या भिंतीस जोडले. फारसी कवी खाकानी याने बाराव्या शतकातच मदाइनच्या याच अवशेषांवर प्रसिद्ध कसीदा रचला आणि या पडझडीतून राजवैभवाच्या नश्वरतेचा बोध घेतला. एकाच भिंतीकडे पाहून एकाला काळ दिसला, दुसऱ्याला तोफ दिसली. मोडीतील त्या दोन ओळी वास्तूविषयी चुकीचे सांगतात, पण पाहणाऱ्याविषयी अगदी खरे सांगतात. त्या विद्यार्थिनीचे प्रकरण आता या दिशेने पुन्हा लिहिले जात आहे.

४

लखनौचे उदाहरण याहून गंभीर आहे. कारण तेथे वास्तू बरोबर, घटना बरोबर, आणि तरीही चित्रओळ दिशाभूल करते. फेलिचे बेआटो हा छायाचित्रकार १८५८ च्या आरंभी कलकत्त्यास आला आणि मार्चमध्ये लखनौ इंग्रजांनी पूर्णपणे जिंकल्यावर तेथे पोहोचला. त्याच्या सिकंदरबागेच्या चित्रात वाजिदअली शाहाने बांधविलेल्या उद्यानातील एका इमारतीचा गोळ्यांनी चाळण झालेला दर्शनी भाग दिसतो. समोर काही हिंदी माणसे व एक घोडा आहे, आणि जमिनीवर मानवी अस्थी विखुरलेल्या आहेत. चित्रओळ सांगते की, नोव्हेंबर १८५७ मध्ये सर कॉलिन कॅम्पबेलच्या पहिल्या चढाईत ९३ वी हायलंडर्स व ४ थी पंजाब पलटण यांनी दोन हजार बंडखोरांची कत्तल केल्यानंतरचे हे दृश्य होय.

सिकंदरबागेवरील हल्ला १६ नोव्हेंबर १८५७ रोजी झाला. छायाचित्र मार्च किंवा एप्रिल १८५८ मधील आहे. म्हणजे मध्ये निदान चार महिने गेले. चित्रओळीतील 'नंतरचे' हा शब्द व्याकरणाने खोटा नाही, परंतु वाचक त्याचा अर्थ 'लगेच नंतरचे' असा घेतो आणि घेणारच. चार महिने उघड्यावर राहिलेल्या प्रेतांच्या अस्थी अशा ठळकपणे इमारतीसमोर कशा पसरलेल्या राहिल्या, हा प्रश्न या तारखांमुळे उभा राहतो. सर जॉर्ज कॅम्पबेल या तत्कालीन मुलकी अधिकाऱ्याने १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत याचे उत्तर दिले आहे. प्रेते झाकली गेली होती, परंतु छायाचित्रकाराने चित्रासाठी ती पुन्हा उघडी करविली, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. तंत्राचा विचार केला तरी हे दृश्य 'टिपलेले' नव्हे, 'मांडलेले' आहे. त्या काळच्या काचेला काही सेकंद तरी प्रकाश द्यावा लागे. तेव्हा चित्रातील उभी माणसे छायाचित्रकाराने सांगितल्यावरूनच स्थिर राहिली असली पाहिजेत.

आता 'माझा प्रवास'. गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले, झाशीच्या वेढ्याच्या वेळी ते त्या शहरात होते, आणि पुढे पाव शतकाने, १८८० नंतर, त्यांनी आपला वृत्तान्त लिहिला. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला. झाशीत झालेली कत्तल, लूट आणि राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश यांचे त्यांनी केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. प्रस्तुत लेखकाने आपल्या निबंधात हे वर्णन 'उत्तरकालीन' आणि सिकंदरबागेचे चित्र 'समकालीन' ठरविले होते. ते विधान आता मागे घेतले पाहिजे. दोन्ही साधने उत्तरकालीनच आहेत. एकाने चार महिन्यांनी जागेवर जाऊन विध्वंसाची रचना केली, दुसऱ्याने पंचवीस वर्षांनी स्मृतीतून. फरक अंतराचा आहे, जातीचा नाही. उलट एका बाबतीत भटजींची साक्ष वरचढ ठरते. ते ज्या शहराचा विध्वंस सांगतात, त्या शहरात ते त्या दिवशी होते. बेआटो सिकंदरबागेत त्या दिवशी नव्हता.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. वरील चित्रओळ मराठी पुस्तकांत येते तेव्हा बहुधा 'दोन हजार बंडखोर' हे शब्द जसेच्या तसे भाषांतरित होतात. १८५७ ला 'शिपायांचे बंड' म्हणावे की 'स्वातंत्र्यसमर', यावर आपल्याकडे शतकभर वाद झाला. ग्रंथकर्ता आपल्या मजकुरात 'स्वातंत्र्यसैनिक' लिहितो आणि चित्राखाली त्याच माणसांना 'बंडखोर' म्हणतो, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. कारण चित्रओळ ही त्याच्या लेखी लेखनाचा भाग नसते. वस्तुतः ती जेत्या पक्षाने लिहिलेली एक छोटी बखरच आहे. ज्यांच्या अस्थी चित्रासाठी पुन्हा उघड्या केल्या गेल्या, त्यांच्याविषयी त्या बखरीत आकड्यापलीकडे काही नाही.

५

कर्नाटक आणि महाराष्ट्रात फिरणाऱ्या अभ्यासकास आणखी तीन प्रकारच्या चुका भेटतात. त्यांचा निर्देश थोडक्यात करतो.

पहिला प्रकार कालविपर्यासाचा. छायाचित्रणाची जाहीर घोषणा १८३९ साली झाली. तेव्हा मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने घेतलेला बंगळूरचा किल्ला किंवा १७९९ साली पडलेले श्रीरंगपट्टण यांचे 'युद्धकालीन छायाचित्र' असूच शकत नाही. असतात ती चित्रे रॉबर्ट होम, कोलब्रुक, हंटर यांच्या रेखाटनांवरून केलेली मुद्रिते, किंवा पुष्कळ नंतर घेतलेली छायाचित्रे. होमचा मैसूरच्या दृश्यांचा संग्रह १७९४ साली लंडनला निघाला. तो स्वतः त्या मोहिमेबरोबर होता. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा मे १७९१ च्या अखेरीस कॉर्नवॉलिसला मिळाल्या, म्हणून पटवर्धनी कागदपत्रांच्या अभ्यासकांना या चित्रांचे आकर्षण वाटते. परंतु मराठी फौज पोहोचण्यापूर्वी दोन महिने, २१ मार्च रोजीच, बंगळूरचा किल्ला पडला होता. त्या किल्ल्याच्या खिंडाराचे चित्र मराठ्यांच्या पराक्रमाखाली छापणे हे दोन्ही अर्थांनी चूक होय. आज दिल्ली दरवाजानजीक तटास लावलेली शिळा, इंग्रजांचा हल्ला याच खिंडारातून झाला असे सांगते. चित्रओळ येथे वास्तूच्याच अंगावर कोरलेली आहे, आणि तीही जेत्याचीच.

दुसरा प्रकार कारणविपर्यासाचा. वास्तू पडकी दिसली की ती युद्धात पडली, असे गृहीत धरले जाते. पुण्याच्या शनिवारवाड्याचे उदाहरण घ्यावे. नोव्हेंबर १८१७ मध्ये वाड्यावर इंग्रजी निशाण लागले ही गोष्ट खरी; परंतु आतील इमारती जळाल्या त्या त्यानंतर दहा वर्षांनी, फेब्रुवारी १८२८ मधील आगीत. रिकाम्या जोत्यांच्या छायाचित्राखाली 'इंग्रजांच्या तोफांनी उद्ध्वस्त' असे लिहिणे भावनेस पटते, इतिहासास पटत नाही. श्रीरंगपट्टणातही टिपूच्या राजवाड्याचा नाश केवळ वेढ्यातील तोफांनी झालेला नाही. युद्ध संपल्यावर तो पद्धतशीरपणे उतरविला गेला, आणि तेथील लाकूड १८३० च्या सुमारास उटकमंडच्या सेंट स्टीफन चर्चच्या बांधकामासाठी घाट चढवून नेण्यात आले. असा मोडून काढलेला वाडा आणि तोफेने पडलेला वाडा यांच्या कडा वेगळ्या दिसतात. तोफगोळ्याने भिंतीस वाटोळे वा कोनाकृती भोक पडते आणि राडारोडा पायथ्याशीच राहतो. साहित्य उचलून नेलेल्या वास्तूत तुळयांच्या खोबण्या स्वच्छ रिकाम्या असतात आणि राडारोडा नसतो. आगीत लाकूड जाते, जोते व दगडी भिंती राहतात. आणि पुराने पायाच जातो.

तिसरा प्रकार सर्वांत सूक्ष्म. युद्धानंतर शतकांनी झालेला बदल युद्धाच्या खात्यावर मांडला जातो. हंपीचे विठ्ठलमंदिर मराठी वाचकास विशेष जवळचे. पंढरीची मूर्ती कृष्णदेवरायाने नेली व भानुदासांनी परत आणली, ही कथा तेथे गेल्यावर आठवल्यावाचून राहत नाही. त्या मंदिरापुढील दगडी रथ आज वरून सपाट दिसतो, आणि १५६५ च्या विध्वंसात त्याचे शिखर गेले असे सांगणारे भेटतात. अलेक्झांडर ग्रीनलॉ या लष्करी अधिकाऱ्याने १८५६ साली मेणकागदी पद्धतीने हंपीची छायाचित्रे घेतली. त्यांत या रथावर विटांचे शिखर स्पष्ट उभे आहे. म्हणजे युद्धानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ते तेथे होते, आणि पुढे उतरविले गेले. ग्रीनलॉचे कागद दीर्घकाळ अज्ञातात होते. ते उजेडात आल्यावर ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार जॉन गॉलिंग्ज यांनी १९८३ साली त्याच जागांवर उभे राहून तीच दृश्ये पुन्हा टिपली. दोन चित्रे शेजारी ठेवली की काय युद्धाने नेले, काय काळाने आणि काय दुरुस्तीने, हे वेगळे पडू लागते. स्वतः वास्तूंची नावेही येथे साक्षीस घेता येत नाहीत. 'राणीचे स्नानगृह', 'जनानखाना' यांसारखी अनेक प्रचलित नावे नंतरच्या काळातील वाटाड्यांच्या आणि प्रवाशांच्या कल्पनेतून आलेली आहेत. त्यांना विजयनगरकालीन आधार नाही.

६

या उदाहरणांवरून अभ्यासकास उपयोगी पडेल असा तपासणीचा क्रम सांगता येईल. प्रथम चित्रओळीचे थर वेगळे करावेत आणि कोणता मजकूर कोणाच्या हातचा, हे नोंदवावे. नंतर चित्राचे द्रव्य पाहावे : कागद, काच, छपाई, चित्रपत्राची मागील बाजू. यावरून 'अमुक वर्षापूर्वीचे नव्हे' अशी एक मर्यादा मिळते. त्यानंतर वास्तूच्या न बदलणाऱ्या खुणा मोजाव्यात. कमानींची संख्या, खिडक्यांचा क्रम, तुटलेल्या कडेची रेषा. निश्चित तारखेच्या दुसऱ्या चित्राशी त्या ताडून पाहाव्यात. सावली आणि दिशा यांवरून चित्र उलटे छापले गेले आहे काय, हे ठरवावे. मग पडझडीचे कारण पाहावे. भग्न कडेवर पिंपळाचे जून खोड दिसत असेल, तर ती कड काल-परवाच्या लढाईतील नव्हे, एवढे कोणीही खेडूत सांगेल. शेवटी लिखित साधनांकडे यावे. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी लिखित वर्णन मनात ठेवून चित्र पाहिले, तर चित्रात आपल्याला हवे तेच दिसते. प्रस्तुत लेखकाचे नेमके हेच झाले होते.

एवढे करूनही पुष्कळ चित्रे अनिर्णीत राहतील. अशा वेळी 'स्थळ अनिश्चित' असे लिहिण्यात कमीपणा नाही. संशोधकाने प्रश्नचिन्ह छापावयास शिकले पाहिजे.

आणि चुकीची ठरलेली चित्रओळ खोडून टाकू नये. चिकित्सक आवृत्तीचे संपादक प्रक्षिप्त श्लोक फेकून देत नाहीत. ते तळटीपेत वा परिशिष्टात ठेवतात, कारण ग्रंथ कसा वाचला गेला याचा तो इतिहास असतो. चित्राखाली दोन ओळी छापाव्यात. पहिलीत आपण सिद्ध केलेले स्थळ, छायाचित्राचा काल, घटनेचा काल वेगळा असल्यास तोही, आणि छायाचित्रकाराचे नाव. दुसरीत परंपरागत ओळ, अवतरणचिन्हांत, कोणाच्या हातची आहे हे सांगून. छायाचित्राचा काल आणि घटनेचा काल हे दोन आकडे नेहमी स्वतंत्र द्यावेत. सिकंदरबागेच्या बाबतीत एवढी एकच शिस्त पाळली असती, तरी गफलत झाली नसती.

त्या विद्यार्थिनीच्या प्रबंधात ते चित्रपत्र आता याच पद्धतीने छापले जाईल. वर ताक-ए-किस्रा, टेसिफोन, उत्तरेकडील बाजू १८८८ च्या पुराने पडलेली, छायाचित्र त्यानंतरचे. खाली पणजोबांच्या मोडीतील दोन ओळी, जशाच्या तशा. वरची ओळ भिंतीविषयी आहे आणि खालची माणसाविषयी. वाङ्मयाच्या अभ्यासकास दोन्ही हव्यात. मात्र कोणती कशाविषयी आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.